ज्यांच्या अंगणात ती कबर आहे

मित्रांनो, टी.ई. सिव्हिलची इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणजे काय चीज असते हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. दोन तास कंपनी आणि बाकी दोन दिवस बस! आमचीही तशीच गेली. पहाटे पाचला हॉस्टेलच्या गेटवरून निघालो, चाकणच्या चौकात नेहमीप्रमाणे पाऊण तास अडकलो, मग शिक्रापूरवरून नगर रोड, आणि दुपारी वाळूज एमआयडीसी. कंपनी बघून झाली. दुसरा दिवस अर्थातच वेरूळ, दौलताबाद आणि खुलताबाद.

खुलताबाद जवळ आलं तशी बसमध्ये एकच चर्चा सुरू झाली. "औरंगजेबाची कबर इथेच ना?" माझा रूम पार्टनर त्याच गावचा. तो इतका वेळ खिडकीला डोकं लावून झोपला होता. त्याने डोळे न उघडताच विचारलं, "हो, इथेच. पण ती कोणाच्या अंगणात आहे, सांगा बरं?"

ओरलला एक्स्टर्नलने सिलॅबसच्या बाहेरचा प्रश्न विचारावा, तशी सगळी बस गप्प झाली. पंचेचाळीस मुलं आणि दोन सर. उत्तर एकालाही आलं नाही. मलाही नाही. हा लेख म्हणजे त्या ओरलचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठी थोडं सांभाळून घ्या.

काझी ते सूफी

उत्तर असं आहे: ते अंगण शेख जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याचं आहे. जन्म १३०२, इराणमधल्या शिराझ शहरात. मृत्यू १३६९, आपल्या महाराष्ट्रात. म्हणजे औरंगजेब १७०७ साली गेला त्याच्या आधी ३३८ वर्षं. शिवाजी महाराजांचा जन्म व्हायलासुद्धा तेव्हा अडीचशेहून जास्त वर्षं बाकी होती.

इराणचा माणूस इथे आला कसा? इतिहासाच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी महंमद बिन तुघलकाचा धडा वाचला आहे. १३२७ च्या सुमारास त्याने दिल्लीची माणसं उचलून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आणली. शाळेत तो धडा आपण "वेडा मुहंमद" एवढ्यावरच संपवतो. पण त्या लोंढ्यात सैनिक आणि सरदारांबरोबर शिक्षक, कायदेपंडित, कवी आणि सूफी संतही होते. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब त्यांतलेच. फारसी कवी अमीर हसन सिज्झीही आले आणि खुलताबादलाच त्यांची कबर आहे. या गावाचं जुनं नाव रौझा. खुलताबाद हे नाव पुढे औरंगजेबाला मृत्यूनंतर मिळालेल्या 'खुल्द-मकान' या पदवीवरून पडलं.

जैनुद्दीन मक्केमार्गे दिल्लीला आले, तिथे मौलाना कमालुद्दीन यांच्याकडे शिकले आणि गुरूबरोबरच दौलताबादला पोचले. ते मुळात संत नव्हते, विद्वान होते. कायदा आणि धर्मशास्त्र हा त्यांचा विषय. दौलताबादला त्यांनी काझीचं, म्हणजे न्यायाधीशाचं काम केलं. बुऱ्हाणुद्दीन यांच्याकडे कव्वालीसारखं भक्तिसंगीत चालायचं. या काझीसाहेबांना ते आधी पटत नव्हतं असं सांगितलं जातं. चूक काढायला गेले आणि शिष्य होऊन राहिले! १३३७ साली बुऱ्हाणुद्दीन वारल्यावर त्यांची गादी जैनुद्दीन यांच्याकडे आली. चिश्ती परंपरेत त्यांना बाविसावे ख्वाजा मानतात, म्हणून गावात आजही त्यांच्या दर्ग्याला 'बावीस ख्वाजा' म्हणतात.

राजाला नाही म्हणणारा माणूस

फरिश्ता नावाच्या जुन्या इतिहासकाराने यांची एक गोष्ट सांगितली आहे. बहमनी सुलतान पहिला महंमद शाह गादीवर आला तेव्हा सगळ्या शेखांनी त्याला मान्यता दिली. एकट्या जैनुद्दीन यांनी दिली नाही. कारण काय, तर राजा दारू पितो. पुढे दौलताबादला बंड झालं, ते सुलतानाने मोडलं आणि शेखसाहेबांना निरोप पाठवला की दरबारात या, नाहीतर निष्ठेचं पत्र लिहून द्या. ते गेले नाहीत आणि पत्रही दिलं नाही. मग शहर सोडायचा हुकूम आला. तेव्हा हे आपली नमाजाची चटई घेऊन सरळ गुरूच्या कबरीपाशी जाऊन बसले. आता इथून मला कोण उठवतो ते बघू!

शेवटी राजाच नमला. शेखसाहेबांची अट एकच होती: उघड्यावर पिणं बंद कर आणि राज्यातली दारूची दुकानं बंद कर. फरिश्ता म्हणतो, ती दुकानं खरोखरच बंद झाली. गोष्ट किती खरी, किती रंगवलेली, हे इतिहासवाल्यांनी ठरवावं. पण जिच्या जोरावर लोक साडेसहाशे वर्षं एखाद्याला लक्षात ठेवतात, अशी ही गोष्ट आहे एवढं नक्की.

अजून एक मजेदार गोष्ट. खानदेशचे फारुकी राजे या गुरू-शिष्यांना फार मानायचे. त्यांनी तापी नदीच्या एका काठावर शहर वसवलं, त्याला गुरूचं नाव दिलं बुऱ्हाणपूर. समोरच्या काठावरच्या वस्तीला शिष्याचं नाव दिलं जैनाबाद. पुढे १६३१ साली मुमताजमहल बुऱ्हाणपूरला वारली, तेव्हा तिला आधी पुरलं ते जैनाबादच्या बागेत. ताजमहाल नंतरचा. म्हणजे ताजमहालाची गोष्टसुद्धा या आपल्या शिराझी काझींच्या नावाच्या गावातून जाते, आणि आपल्याला त्यांचं नावही माहीत नसतं!

त्यांचं बोलणं शिष्याने 'हिदायत-उल-कुलूब' या फारसी ग्रंथात लिहून ठेवलं. खुलताबादच्या अशा सगळ्या ग्रंथांचा आणि दर्ग्यांचा अभ्यास करून कार्ल अर्न्स्ट या अमेरिकन अभ्यासकाने १९९२ साली 'इटर्नल गार्डन' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. तो माणूस अमेरिकेहून आला. आम्ही चाकणहून गेलो आणि बसमध्ये गप्प बसलो.

अंगण

आता प्रत्यक्ष जागेविषयी. रस्त्यावरून पायऱ्या चढून गेलं की एक मोठा घुमटाचा दरवाजा लागतो. तो साधारण १७६० चा, म्हणजे दर्ग्यापेक्षा खूपच नंतरचा. आत मोठा चौक आणि तिन्ही बाजूंना ओवऱ्या. मधला पांढरा घुमट शेख जैनुद्दीन यांचा. त्यांच्या शिष्यांनी मृत्यूनंतर लगेचच, १३७० च्या सुमारास तो बांधला. दाराला चांदीचे पत्रे, खाली घासून गुळगुळीत केलेल्या दगडाच्या पायऱ्या. अंगणातल्याच एका खोलीत पैगंबरांचा म्हणून एक झगा जपून ठेवला आहे. वर्षातून एकदा, ईद-ए-मिलादच्या वेळी, तो दर्शनाला काढतात.

आणि याच चौकाच्या कोपऱ्यात, या विद्वानाच्या पायाशी, उघड्या आभाळाखाली औरंगजेबाची साधी मातीची कबर. वर सब्जाचं रोप. भोवतीची संगमरवरी जाळी विसाव्या शतकातली, निजामाच्या काळात बसवलेली.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपण पुण्याकडची मुलं. संभाजी महाराजांना १६८९ साली जिथे मारलं ते तुळापूर आणि वढू बुद्रुक आपल्या कॉलेजपासून तासा-दीड तासावर आहे. त्या कबरीसमोर उभं राहिल्यावर मराठी माणसाच्या मनात काय येतं, ते मी लिहायची गरज नाही. माझ्याही मनात ते आलं. २०२५ च्या मार्चमध्ये ती कबर हटवण्याच्या मागणीवरून केवढं रण पेटलं, नागपुरात दंगल झाली, कबरीभोवती पत्रे लावावे लागले, हे सगळं आपण पाहिलं. आम्ही गेलो तेव्हाही पोलीस होते आणि ओळखपत्रं तपासूनच आत सोडत होते.

पण त्या दिवशी माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळू लागला. जिच्याबद्दल एवढा आवाज होतो ती कबर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या, म्हणजे एएसआयच्या संरक्षणाखाली आहे. तिला कायदा आहे, बोर्ड आहे, पोलीस आहेत. ज्यांच्या अंगणात ती आहे, त्या विद्वानाचा दर्गा मात्र रोज नांदती जागा आहे. तिथे लोक येतात, चादर चढवतात, उदबत्ती लावतात, उरूस भरतो. दर पिढीला कोणी ना कोणी भाविक काहीतरी "चांगलं काम" करून जातो. आणि मित्रांनो, जुन्या वास्तूला खरी भीती या चांगल्या कामाची असते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या घरातच हे घडलं आहे.

आमच्या आजोबांची भिंत

आमचं जुनं घर चाकणच्या गावठाणात आहे. खाली दगड, वर भाजलेल्या विटा, चुन्याचा गिलावा. मी सातवीत असताना बाबांनी ठरवलं की आजोबांची खोली चांगली करून द्यायची. एका ठेकेदाराने जुना गिलावा खरवडून काढला, जाडजूड सिमेंटचा गिलावा मारला आणि वर ऑइल पेंट लावला. भिंत आरशासारखी चकचकीत झाली. आजोबा खूश, बाबा खूश, गल्लीतले लोक बघायला यायचे.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर कंबरेएवढ्या उंचीवर रंगाला फोड आले. तिसऱ्या पावसाळ्यात गिलावा ढलप्याने सुटला, आणि नुसता नाही, विटेचा पापुद्रा सोबत घेऊन. मागची वीट हाताने चोळली की भुकटी होत होती. आजोबांना त्या खोलीत दम लागायला लागला. शेवटी त्यांची कॉट पुढच्या पडवीत आणली. ते गेले ते पडवीतच. आपल्या खोलीत ते परत झोपू शकले नाहीत.

तेव्हा आम्ही ठेकेदाराला शिव्या दिल्या. भेसळीचं सिमेंट वापरलं असणार, म्हणालो. खरं कारण मला एस.ई.ला बिल्डिंग मटेरियल्स शिकताना कळलं. सिमेंट चांगलंच होतं. चांगलं होतं म्हणूनच तर भिंत गेली.

चुना श्वास घेतो म्हणजे काय?

"जुन्या भिंती श्वास घेतात" असं म्हातारी माणसं म्हणतात. हे कवितेतलं वाक्य नाही, शुद्ध इंजिनिअरिंग आहे. बघा कसं.

जुन्या भिंतीच्या पायाला डीपीसी नसते. त्यामुळे जमिनीतली ओल केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याची वात तेल ओढते तशी, वर चढते. ओलीबरोबर जमिनीतले क्षारही चढतात. चुन्याच्या सांध्यांना आणि गिलाव्याला सूक्ष्म छिद्रं असतात. ओल तिथून बाहेर पडते आणि वाळते. क्षार गिलाव्याच्या पृष्ठभागावर येऊन बसतात. यालाच आपल्याकडे लोणा म्हणतात. झाडूने झाडला की गेला.

आता याच भिंतीला सिमेंट आणि ऑइल पेंट लावा. ओलीचा बाहेर पडायचा रस्ता बंद. ती काय करणार? अजून वर चढणार. आणि क्षार आता पृष्ठभागावर नाही, तर गिलाव्याच्या मागे, विटेच्या किंवा दगडाच्या आत साठणार. वाळताना त्यांचे स्फटिक होतात, ते फुगतात आणि आतून विटेला फोडतात. त्यात सिमेंट स्वतःसुद्धा काही विरघळणारे क्षार सोबत घेऊन येतं. म्हणजे चोराला घरात कोंडलं आणि वर त्याला पहारही दिली!

दुसरा मुद्दा ताकदीचा. आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवतात की जास्त स्ट्रेंग्थ म्हणजे चांगलं. जुन्या बांधकामात हिशोब उलटा असतो. चुन्याचा मॉर्टर मुद्दाम दगडापेक्षा कमजोर असतो. उन्हाने, पावसाने, जमिनीच्या हालचालीने काही तडकायचंच असेल तर आधी सांधा तडकतो आणि दगड वाचतो. सांधा पुन्हा भरता येतो. जुने गवंडी याला दर्जा भरणे म्हणतात. साडेसहाशे वर्षांपूर्वी घडवलेला दगड मात्र पुन्हा मिळत नाही. सिमेंट भरलं की सांधा पैलवान होतो आणि बिचारा दगड तडकतो.

शिवाय चुना स्वतःची थोडीफार डागडुजीही करतो. चुनखडी सुमारे नऊशे अंश तापमानाला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो. उरलेल्या कळीच्या चुन्यात पाणी घातलं की तो फसफसून विरतो. हा विरलेला चुना भिंतीत गेला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. दगडापासून निघून दगडापर्यंत परत! बारीक भेगेत पाणी शिरलं तर थोडा चुना विरघळतो, भेगेत जाऊन बसतो आणि ती बुजवतो. आपले जुने लोक त्यात विटेची सुरखी, गूळ, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी असं काय काय घालायचे. एएसआयचे कारागीर आजही यातल्या बऱ्याच गोष्टी वापरतात. (मेसच्या डाळीचा चिकटपणा पाहता तिचाही विचार व्हावा, अशी माझी नम्र सूचना आहे.)

पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं. शेख जैनुद्दीन यांचा घुमट १३७० चा. त्याने साडेचारशे वर्षं सिमेंटचं तोंडही न बघता काढली. त्याला आज सिमेंटची गरज आहे असं वाटत असेल, तर चूक घुमटात नाही, आपल्या समजुतीत आहे.

दहा लाख किलोची चूक

ही चूक फक्त खेड्यातले ठेकेदार करतात असं समजू नका. दिल्लीचा हुमायूनचा मकबरा घ्या, जागतिक वारसा यादीतला. विसाव्या शतकात गळती थांबवण्यासाठी त्याच्या छतावर काँक्रीटचे थर टाकत गेले. पुढे आगाखान ट्रस्टने एएसआयसोबत काम केलं. २०१३ साली ते पूर्ण झालं. त्यात छतावरून काढलेल्या काँक्रीटचं वजन किती भरलं माहीत आहे? सुमारे दहा लाख किलो! एवढा डेड लोड त्या बिचाऱ्या इमारतीच्या डोक्यावर आपणच दुरुस्ती म्हणून ठेवला होता. तो उतरवून परत चुन्याचं काम केलं.

गंमत म्हणजे या मकबऱ्याच्या शेजारीच निजामुद्दीन औलियांची वस्ती आहे. म्हणजे जैनुद्दीन यांच्या गुरूंचे गुरू. तिथे चौदाव्या शतकातली बारव आहे. २००८ साली तिची एक भिंत कोसळली आणि मग भर वस्तीत, माणसं राहत असताना, पूजा-प्रार्थना चालू असताना तिची दुरुस्ती झाली. म्हणजे नांदती जागा जपता येत नाही, हे म्हणणं बरोबर नाही.

याहून जवळचं उदाहरण पाहिजे? पंढरपूर. २०२४ साली विठ्ठल मंदिराच्या जतनाचं काम निघालं. गाभाऱ्यातले चांदीचे पत्रे काढले, नंतरच्या काळात चढवलेले थर हटवले आणि आतला मूळ काळा दगड बाहेर आला. त्यासाठी मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्श दर्शन बंद ठेवलं होतं. वारकऱ्यांनी ते सोसलं. लाखो लोकांची श्रद्धा आणि जतन एकमेकांच्या आड आले नाहीत. आपल्या चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींची संजीवन समाधी आहे. पावसाळ्यात नदीचं पाणी मंदिरात शिरतं, ओसरतं आणि सतराव्या शतकातलं ते दगडी मंदिर पुन्हा उभंच. तेही नांदतं आहे, तेही जपायचं आहे. दर्गा असो की मंदिर, ओलीला आणि क्षारांना धर्म कळत नाही.

मग करायचं काय?

एएसआयकडच्या वास्तूंसाठी १९५८ चा केंद्राचा कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगी घेऊन. राज्याच्या संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे. पण कायदा बाहेरून कुंपण घालतो. आत सिमेंटची गोणी कोण आणतो हे दर वेळी कायद्याला दिसत नाही. नांदत्या जागी तिथल्या विश्वस्तांना, पुजाऱ्यांना, मुजावरांना आणि गवंड्यालाच ते कळायला हवं.

त्यांच्याही अडचणी खऱ्या आहेत, हे मान्य करायला हवं. सिमेंट कोपऱ्यावरच्या दुकानात पन्नास किलोच्या गोणीत मिळतं. चुना विरवायचा, मुरवायचा, घाणीत मळायचा, मारल्यावर दिवसेंदिवस ओला ठेवायचा. त्याला वेळ लागतो. उरूस किंवा जत्रा पंधरा दिवसांवर आलेली असते. आणि चुन्याचं काम येणारे गवंडी तरी कुठे राहिलेत? इथेच आपल्यासारख्यांचं काम सुरू होतं. मला सुचलेल्या काही गोष्टी:

१. आपल्या लॅबमध्ये सिमेंटचे क्यूब आपण शेकड्याने फोडतो. वर्षातून एकदा चुन्याचेही करावेत. एका बॅचला गूळ, एकीला बेलफळ, एकीला काहीच नाही. फरक आपणच मोजू.

२. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला दर वर्षी कॉलेजचंच ग्राउंड मोजतो. त्याऐवजी एखादी जुनी वास्तू मोजावी. खुलताबाद लांब आहे, पण राजगुरुनगर आपल्या पुढ्यात आहे. चाकणपासून नाशिक रोडने थोडं पुढे गेलं की भीमेच्या काठी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीची दिलावरखानाची मशीद आणि कबर आहे. चाकणला तर फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शायिस्ताखानाशी झुंजवलेला संग्रामदुर्ग भर गावात आहे. परवानगी काढून मोजणी केली, फोटो काढले, भेगांची नोंद केली, तर तो कागद पन्नास वर्षांनीही कोणाच्या तरी उपयोगी पडेल. पडलेली वास्तू परत उभारताना पहिली गरज जुन्या मोजमापाची असते.

३. आपल्या गावात देऊळ, दर्गा, वाडा यांचं काम निघालं तर एवढं एकच विचारा: "आधीचं काम कशात आहे? चुन्यात? मग नवीनही चुन्यात करता येईल का?" प्रश्न विचारायला डिग्री लागत नाही.

४. भिंतीत पिंपळ उगवला तर ओढून काढू नका. मुळाबरोबर दगडही येतो. आणि भिंतीवर बाण काढून स्वतःचं आणि तिचं नाव लिहू नका. तिला ते आवडत नाही. (अनुभव माझा नाही, शेजारच्या रूमचा!)

परत त्याच प्रश्नावर

त्या संध्याकाळी बस सुटायच्या आधी मी आणि माझा रूम पार्टनर पुन्हा त्या चौकात गेलो. डोक्याला रुमाल बांधून मी शेख जैनुद्दीन यांच्या पायरीपाशी थोडा वेळ बसलो. समोर कबर बघायला आलेल्यांची रांग होती. लोक यायचे, कोपऱ्याकडे जायचे, दोन मिनिटं थांबायचे आणि परत जायचे. मधल्या घुमटाकडे मान वळवणारे फार थोडे. मी मित्राला म्हटलं, "तुमच्या गावाला कंटाळा नाही येत रे याचा?" तो म्हणाला, "लोकांना जे माहीत असतं ते बघायला लोक येतात. बाकीचं आम्ही बघतो."

बाकीचं आम्ही बघतो. मला वाटतं, जतन म्हणजे एवढंच. ज्याच्यावरून भांडण होतं त्याला राखणदार मिळतात. ज्याचं नावच कोणाला आठवत नाही ते एखाद्या दिवशी चांगल्या हेतूने, चांगल्या सिमेंटने, चकचकीत रंगाने हळूहळू मरतं. आणि त्याची बातमीही होत नाही.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही आजोबांच्या खोलीचं सिमेंट उतरवलं. सत्तरीतले एक गवंडीकाका शोधून काढले. चुना आम्ही घरामागे खड्ड्यात महिनाभर मुरवला, आणि त्यात सुरखी आणि गूळ घातला. गिलावा मी आणि बाबांनी त्यांच्या हाताखाली मारला. हात दोन दिवस चुन्याने सोलवटले होते. भिंत अजिबात चकचकीत नाही. थोडी खडबडीत, थोडी पिवळसर, गल्लीतलं कोणी बघायला आलं नाही. पहिला पावसाळा होऊन गेला. खाली हलका लोणा आला होता, तो आईने झाडूने झाडून टाकला.

आजोबांची कॉट आम्ही परत आत नेऊन ठेवली आहे.

तर मित्रांनो, पुढच्या वर्षीची व्हिजिट वाळूजलाच जाणार आहे असं ऐकतो. बसमध्ये पुन्हा कोणीतरी विचारेल, "औरंगजेबाची कबर इथेच ना?" तेव्हा ज्युनिअर्सपैकी एकाने तरी म्हणावं: "हो. शेख जैनुद्दीन यांच्या अंगणात."